जंगलाच्या जिल्ह्यांतून परदेशी विद्यापीठात : पर्यावरणशास्त्रासाठी पूर्ण शिष्यवृत्ती कशी मिळवाल?

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. कधी मूलहून, कधी एटापल्लीहून, कधी राजुऱ्याची पण नागपुरात खोली करून राहणारी एखादी मुलगी विचारते. "माझं बी.एस्सी. गोंडवाना विद्यापीठाचं आहे, चालेल का?" "आधी प्रवेश घ्यायचा की आधी शिष्यवृत्ती?" "एजंट म्हणतो फीमध्ये चाळीस टक्के माफी मिळवून देतो. ती फुल स्कॉलरशिपच ना?" "इंग्रजी बोलताना अडखळते, मग अर्ज करूच नये का?" या मुलांची हुशारी कुठेच कमी पडत नाही. कमी पडतो तो वेळ, आणि कोणता कागद कोणत्या महिन्यात हाताशी हवा याचा अंदाज.

ही वाट आपल्याकडच्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या, मुलांनी चालून दाखवली आहे. २०२२ मध्ये कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे दीपक चटप चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्याच वर्षी गडचिरोलीचे बोधी रामटेके यांना इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली. दोघेही वकील. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी अर्ज करतो तेव्हाही वाट तीच असते, आणि सांगण्यासारखं तर त्याच्याकडे अधिकच असतं. ते कसं, हे पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण निवड तिथेच ठरते.

"पूर्ण" म्हणजे नेमकं किती?

पूर्ण शिष्यवृत्तीत शिकवणीचं शुल्क, राहण्या-जेवण्याचा मासिक भत्ता आणि आरोग्य विमा एवढं तरी असायलाच हवं. बहुतेक योजना जाण्या-येण्याचं विमानभाडंही देतात. यातली एक बाजू जरी सुटली, तरी घरच्यांवर लाखांचा बोजा पडतो. म्हणून जाहिरातीतल्या "फुल्ली फंडेड" या शब्दांवर विसंबू नका. शुल्क, भत्ता, विमा, प्रवास, व्हिसा आणि कालावधी अशा सहा ओळी वहीत लिहा आणि प्रत्येकीसमोर योजनेच्या नियमातलं वाक्य उतरवून घ्या.

- शुल्कमाफी म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. चाळीस टक्के माफीनंतर उरलेले साठ टक्के आणि राहण्याचा सगळा खर्च तुमच्याच माथी असतो.
- कर्जाऊ शिष्यवृत्ती परत फेडावी लागते. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही अशीच प्रतिष्ठित योजना आहे. ती उपयोगी आहे, मात्र तिच्यासाठी अर्ज करताना ते कर्ज आहे हे घरी स्पष्ट सांगा.
- कालावधी नीट वाचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं, आणि तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकाच वर्षाचं अर्थसाहाय्य मिळणार असेल, तर दुसऱ्या वर्षाची सोय जाण्याआधीच ठरलेली असावी.

तुमच्यासाठी कोणती दारं उघडी आहेत?

सरकारी योजनांपासून सुरुवात करा, कारण त्यांत स्पर्धा मर्यादित गटातच असते. अटी आणि जागा वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीचीच जाहिरात समोर ठेवा.

- अनुसूचित जमाती : केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २० जागा असतात. त्यांतल्या ३ जागा विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे भामरागडचा माडिया आणि जिवतीचा कोलाम विद्यार्थी यांच्यासाठी हे दार मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे, आणि तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या कानावर ते गेलेलं नसतं. वयाची अट ३५ वर्षांपर्यंत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांपर्यंत. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे. तिची चौकशी आपल्या प्रकल्प कार्यालयात करा : गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर किंवा चिमूर.
- अनुसूचित जाती व नवबौद्ध : राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पाहा. केंद्राच्या योजनेत १२५ जागा असून त्यांतच विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्याही थोड्या जागा आहेत. उत्पन्नमर्यादा ८ लाख.
- इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागासवर्ग : राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना. कुणबी विद्यार्थ्यांनी सारथी संस्थेच्या योजनेची पात्रताही तपासावी. लाभ मात्र एकाच योजनेचा घेता येतो.
- खुला प्रवर्ग : तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत राबवली जाणारी योजना.

बहुतेक परदेशी योजना जात किंवा उत्पन्न विचारत नाहीत, निदान पात्रतेसाठी तरी नाही. पर्यावरणशास्त्राला उपयोगी पडणाऱ्या मुख्य अशा :

- इरास्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम (युरोप) : दोन-तीन देशांत मिळून शिकायचं. शुल्क भरावं लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. मात्र व्हिसा आणि विमानाचं तिकीट याच रकमेतून काढायचं. नोकरीच्या अनुभवाची अट सहसा नसते, म्हणून नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ही उत्तम. उष्णकटिबंधीय जैवविविधता, पर्यावरण धोरण, भूजल आणि हवामानबदल यांवरचे अभ्यासक्रम यात चालत आले आहेत. अर्जाची मुदत बहुधा ऑक्टोबर ते जानेवारी.
- डाड (जर्मनी) : विकसनशील देशांसाठीच्या अभ्यासक्रमांची त्यांची स्वतंत्र यादी असते. तीत वनशास्त्र, नैसर्गिक संसाधनं, पर्यावरण प्रशासन हे विषय येतात. पदवीनंतर किमान दोन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो आणि पदवी घेऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा.
- चेव्हनिंग (ब्रिटन) : एका वर्षाची पदव्युत्तर पदवी. २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव हवा. त्यात अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही धरतात. अभ्यास संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात.
- कॉमनवेल्थ (ब्रिटन), फुलब्राइट-नेहरू (अमेरिका), मेक्स्ट (जपान) : तिन्हींचं वेळापत्रक आणि अटी निराळ्या. फुलब्राइटच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो.

एम.एस्सी. झालेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. विज्ञानातल्या पीएच.डी.साठी शिष्यवृत्तीच शोधली पाहिजे असं नाही. स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्स, जर्मनी या देशांत पीएच.डी.ची जागा पुष्कळदा पगारी नोकरी म्हणूनच जाहीर होते. अमेरिकेत सहायक म्हणून शिकवून किंवा संशोधन करून शुल्क आणि खर्च निघतो. अशा जागांच्या जाहिराती विद्यापीठांच्या नोकरीच्या पानावर लागतात. आपली मुलं शिष्यवृत्तीचं पान पाहून परत फिरतात.

आधी प्रवेश की आधी शिष्यवृत्ती?

इरास्मसमध्ये प्रवेश आणि शिष्यवृत्तीचा अर्ज एकच असतो. चेव्हनिंगमध्ये शिष्यवृत्ती आणि तीन अभ्यासक्रमांचे प्रवेश अशा दोन्ही गाड्या एकाच वेळी हाकाव्या लागतात. राज्याच्या बहुतेक योजनांत आणि केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेत आधी विद्यापीठाचं बिनशर्त प्रवेशपत्र लागतं. "इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास" किंवा "अंतिम गुणपत्रक सादर केल्यास" अशी शर्त पत्रात असेल, तर ते चालत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो.

दुसरी खाच जागतिक क्रमवारीची. सरकारी योजना ठरावीक क्रमांकाच्या आतलीच विद्यापीठं धरतात. एखादी संस्था केवळ पाणी किंवा केवळ वनशास्त्र शिकवते आणि त्या विषयात जगात नावाजलेली असते, पण एकाच विषयाची असल्यामुळे सर्वसाधारण क्रमवारीत नसतेच. प्रवेशअर्जाचे पैसे भरण्याआधी हे पाहून घ्या.

तुमचा तालुका हाच तुमचा पुरावा

आता मुख्य मुद्दा. अर्जासोबत द्यायच्या उद्देशपत्रांचे (स्टेटमेंट ऑफ पर्पज) मसुदे मी वाचतो. बहुतेकांची सुरुवात अशी : "मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे. हवामानबदल ही आज जगापुढील मोठी समस्या आहे." हे वाक्य नैरोबीचा विद्यार्थी लिहील, मनिलाचाही लिहील. निवड समितीपुढे असे शेकडो कागद असतात. धुळीत खेळून किंवा मोहफूल वेचून वाढलेली मुलगी स्वतःच्या गावाचं नावसुद्धा लिहीत नाही, "मागास" वाटेल म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तिच्याकडे जे आहे ते विकत मिळत नाही.

तुम्ही कुठून अर्ज करत आहात, ते पाहा. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं आलं. शहराच्या उशाला २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती उघड्या कोळसा खाणी, गडचांदूरपासून घुग्घुसपर्यंत सिमेंटचे कारखाने, आणि तासाभराच्या अंतरावर ताडोबा, जिथलं राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे वाघ आणि माणूस एकाच बांधावर समोरासमोर येतात. गडचिरोलीत २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. जंगल राखण्यासाठी त्या गावाने तेंदूपानं तोडणं स्वतःहून बंद केलं. सुरजागडचं लोहखनिज, मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ, २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेले हत्ती : युरोपातला प्राध्यापक ज्या प्रश्नांवर पुस्तकं वाचून शिकवतो, ते प्रश्न तुमच्या घराच्या आवारात उभे आहेत.

पण नुसतं "मी तिथला आहे" म्हणून भागत नाही. उद्देशपत्रात तीन पायऱ्या हव्यात : काय पाहिलं, काय मोजलं, काय कळत नाही म्हणून शिकायला जायचं आहे. नमुन्यादाखल एक परिच्छेद लिहून दाखवतो :

"आमच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं वेचायला जमीन साफ होते. तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावतात. दोन हंगाम मी ग्रामसभेच्या वहीत आगीची तारीख, जागा आणि कारण नोंदवलं. झाडाखाली पाला झाडून ढीग करणाऱ्या घरांच्या वाट्याच्या जंगलात आग पसरली नाही, असं या नोंदींत दिसलं. पण आग थांबल्यावर रोपं किती जगतात आणि जमिनीतला ओलावा किती बदलतो, हे मोजण्याची पद्धत मला येत नाही. तुमच्या दुसऱ्या सत्रातला वनपरिसंस्थेच्या मोजमापाचा विषय मला त्यासाठी हवा आहे."

यात एकही भारी शब्द नाही, पण हे पत्र दुसरं कुणी लिहू शकत नाही. नोंदी मात्र खऱ्या हव्यात. मुलाखतीत समिती पहिला प्रश्न त्यावरच विचारते.

मोजमाप कुठून आणायचं? शहरात राहत असाल तर प्रदूषण मंडळाच्या हवा तपासणी केंद्रांची आकडेवारी सर्वांसाठी खुली आहे. तिच्याशी आपल्या वस्तीतल्या खोकल्याच्या, वाळत घातलेल्या कपड्यांवरच्या काजळीच्या नोंदी ताडून पाहा. विहिरींच्या पाणीपातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विचारा. ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्काचा व्यवस्थापन आराखडा असेल तर त्यात झाडांची गणना सापडते. चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र जवळच आहे, नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. एक उन्हाळा अशा ठिकाणी काम केलंत तर शिफारसपत्र देणारा माणूसही तिथेच भेटतो. आणि माडिया, गोंडी, कोलामी, तेलुगू बोलता येत असेल तर भाषांच्या रकान्यात ते ठळक लिहा. गावात जाऊन माहिती गोळा करणाऱ्या संशोधकाची ती खरी पात्रता आहे.

डॉ. अभय आणि राणी बंग १९८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करत राहिले. तिकडून आणलेली मोजण्याची शिस्त त्यांनी इथे वापरली. "परत येऊन काय करणार?" या प्रश्नाचं उत्तर लिहिताना असाच ठोस विचार करा : कोणता तालुका, कोणतं काम, कुणाबरोबर.

कागदपत्रं : इथेच वर्ष वाया जातं

- जात वैधता प्रमाणपत्र. सर्वाधिक वेळ हेच खातं. पदवीच्या दुसऱ्या वर्षातच अर्ज टाका. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी महसुली नोंद वेळेवर सापडत नाही.
- उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर. आर्थिक वर्ष बदललं की उत्पन्नाचा दाखला नवा काढावा लागतो.
- पासपोर्ट. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. दहावीची सनद, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरशः सारखं असू द्या. नाव आधी की आडनाव आधी, एवढ्या घोळापायी व्हिसा अडकतो.
- सर्व सत्रांची गुणपत्रकं आणि विद्यापीठाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट. गोंडवाना विद्यापीठ २ ऑक्टोबर २०११ ला सुरू झालं. त्याआधीची पदवी नागपूर विद्यापीठाची, त्यामुळे कागद नागपूरहून काढावे लागतील.
- इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसमध्ये बहुधा ६.५ गुण मागतात आणि निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. इंग्रजी माध्यमातून पदवी झाली असेल तर काही विद्यापीठं महाविद्यालयाच्या पत्रावरही भागवतात, ते आधी विचारा.
- दोन शिफारसपत्रं. प्राध्यापकांना दोन महिने आधी सांगा आणि तुमच्या कामाचे मुद्दे एका पानावर लिहून द्या. पत्र स्वतः लिहून त्यांची सही घेऊ नका. तीन विद्यार्थ्यांची पत्रं शब्दशः सारखी निघाली की तिघेही बाद होतात.

गोंडवाना विद्यापीठाच्या पदवीला अडचण नाही. तीन वर्षांची पदवी ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच विद्यापीठांत चालते. अमेरिकेत अनेक ठिकाणी चार वर्षांचं शिक्षण मागतात. तिथे एम.एस्सी. झालेली असेल तर प्रश्न सुटतो.

अडखळत्या इंग्रजीचं म्हणाल, तर समिती उच्चार तपासत नाही. रोज अर्धा तास आपल्याच कामाविषयी मोठ्याने बोला, ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका. वर्षभरात जीभ मोकळी होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

फसवणूक कशी ओळखाल?

खरी शिष्यवृत्ती "प्रक्रिया शुल्क" किंवा "जागा राखून ठेवण्याची अनामत" मागत नाही. सल्लागार फुकट काम करत असेल तर त्याला विद्यापीठाकडून दलाली मिळत असते, म्हणून दलाली देणाऱ्या विद्यापीठाकडेच तो तुम्हाला वळवतो. पूर्ण शिष्यवृत्तीच्या अर्जात त्याचा काही फायदा नसल्यामुळे त्या योजनांची नावं तो सहसा घेत नाही. ओळखीतल्या एका कुटुंबाने अशा सल्ल्यावर अडीच एकर धानाची शेती गहाण टाकली, आणि मुलगी ज्या अभ्यासक्रमाला गेली त्याच विषयाला शेजारच्या देशात पूर्ण शिष्यवृत्ती होती. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. अर्जाचा पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या. उद्देशपत्र विकत घेऊ नका आणि यंत्राकडून लिहूनही घेऊ नका.

तुमचे हक्क

- दाखल्याच्या प्रत्येक अर्जाची पोच मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी. न मिळाल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं.
- निवडयादीत नाव नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आपले गुण आणि नाकारण्याचं कारण मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.
- केंद्राच्या दोन्ही योजनांत ३० टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या असतात. घरचे "एकटी कशी जाणार" म्हणत असतील तर हा आकडा त्यांना दाखवा.
- परदेशी विद्यापीठाचं अर्जशुल्क परवडत नसेल तर माफीची विनंती करणारा ईमेल पाठवा. तीन ओळी पुरतात. अनेक विद्यापीठं ते माफ करतात.

निवड झाल्यावर

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती येईपर्यंत व्हिसा, वैद्यकीय तपासणी, गरम कपडे, पहिल्या महिन्याचं घरभाडं असा खर्च उभा राहतो. त्याची तजवीज आधी करा. ब्रिटनसाठी क्षयरोगाची तपासणी लागते. जर्मनीत स्वतःच्या पैशावर जाणाऱ्याला ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवून दाखवावे लागतात, पण भत्त्याचा आकडा आणि कालावधी लिहिलेलं शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर त्याची गरज सहसा पडत नाही. सरकारी योजनांचे पुढचे हप्ते कधीकधी उशिरा येतात. प्रत्येक सत्राचा प्रगती अहवाल मुदतीत पाठवा आणि विद्यापीठाच्या वित्त कार्यालयाला शासनाचं मंजुरीपत्र आधीच दाखवून ठेवा.

प्रबंधासाठी आपल्याच भागात काम करायचं ठरवलंत तर परवानग्यांना जाण्याआधीच हात घाला. ताडोबा, चपराळा, भामरागड अशा संरक्षित क्षेत्रांत अभ्यासाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. सामूहिक वनहक्काच्या जंगलात ग्रामसभेत जाऊन विषय मांडा आणि ठराव घ्या. पानं, बिया, माती-पाण्यातले सूक्ष्मजीव बॅगेत घालून परदेशी प्रयोगशाळेत नेऊ नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. मंजुरीला महिने लागतात, आणि तुमच्या मार्गदर्शकाला हा नियम ठाऊक असेलच असं नाही. पहिल्याच भेटीत तो तुम्ही त्यांना सांगा.